नवा डबा, जुन्या मॅचेस: टीव्ही बॉक्स सात-आठ महिने वापरल्यावर

आमचा टीव्ही जुना आहे. स्मार्ट वगैरे नाही, पण पॅनल ठणठणीत. तो काढून टाकायला मन होईना, म्हणून गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आतबाहेरचा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतले बॉक्स आतून जवळपास सारखेच असतात: दोन जीबी रॅम, सोळा जीबी स्टोरेज (त्यातलं बरंचसं सिस्टिमच खाते), एक एचडीएमआय, दोन यूएसबी. नव्या वेबसिरीज बघणाऱ्यांना सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. आमच्या घरात मात्र या बॉक्सवर तीनच गोष्टी चालतात: जुन्या मॅचेस, दूरदर्शनच्या काळातल्या टेलिफिल्म आणि राजकारणाची टर उडवणारे कार्यक्रम. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'फोर के' छापलंय. आम्ही बघतो त्यातलं निम्मं कुणीतरी व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं असतं.

प्रेक्षक दोन. मी आणि अण्णा. अण्णा जिल्हा परिषदेतून निवृत्त, मुंबईच्या रणजी संघाचे कट्टर आणि रिमोटच्या बाबतीत हुकूमशहा.

आधी सेटिंगचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. जुनं प्रक्षेपण ४:३ आकाराचं. टीव्ही ते ताणून १६:९ करतो आणि कपिल देव बुटका, गुटगुटीत दिसायला लागतो. टीव्हीच्या पिक्चर मेनूत जाऊन आकार मूळ ठेवायचा, बाजूला काळे पट्टे राहिले तर राहू द्यायचे. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडचं जुनं प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचं आणि बॉक्स चित्र पाठवतो ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा. हे गणित जुळत नाही. चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा त्याच्या मागे फिरला की चित्र अडखळतं. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडल्यावर आमच्याकडे हा त्रास संपला. टीव्हीत 'मोशन स्मूथ' नावाचं काही असेल तर तेही बंद करा. नाहीतर सत्यजित राय यांची टेलिफिल्मसुद्धा संध्याकाळी साडेसातच्या मालिकेसारखी दिसते.

आता मॅचेस. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी शारजा मागितलं. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार, ऑस्ट्रल-एशिया कपची फायनल. मी म्हटलं, "अण्णा, शेवटच्या चेंडूवर मियांदाद सिक्स मारणारच आहे, कशाला जीव जाळून घेता?" तर म्हणाले, "निकाल माहीत आहे म्हणूनच बघायचंय. तेव्हा नीट कुठे बघितली?"

आणि त्यांचं खरं निघालं. फोनवर ही मॅच म्हणजे वीस सेकंदांचा तुकडा: चार हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस, मिडविकेटवरून सिक्स, पाकिस्तान एक गडी राखून विजयी. सगळा देश चाळीस वर्षं त्या एका चेंडूवर अडकून पडलाय. सलग बघितली की वेगळंच दिसतं. श्रीकांत ७५, गावसकर ९२, वेंगसरकर ५०. एका क्षणी आपण १ बाद २१६ होतो आणि ५० ओव्हर संपल्या तेव्हा ७ बाद २४५. शेवटच्या ओव्हरींत वसीम अक्रम आणि इम्रान खान यांनी आपल्याला जे जखडलं, मॅच तिथे गेली. मियांदादच्या नाबाद ११६ मध्येही सिक्सपेक्षा पळून काढलेल्या एकेरी धावा बघण्यासारख्या आहेत. ज्या पोराला आपण आयुष्यभर बोल लावला, त्याच चेतन शर्माने पुढच्याच वर्षी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली. त्याच मॅचमध्ये गावसकरांचं वनडेतलं एकुलतं एक शतक. तीही लावा, शारजानंतर उतारा म्हणून.

बंगळूरची १९९६ ची पाकिस्तानविरुद्धची वर्ल्ड कप क्वार्टर फायनल हा दुसरा असाच छळलेला प्रकार. आमिर सोहेलने बॅट दाखवली, वेंकटेश प्रसादने पुढच्याच चेंडूवर दांडी उडवली. एवढंच सगळ्यांना पाठ. सिद्धूच्या ९३ धावा कुणाच्या स्टेटसला नसतात. अजय जडेजाच्या २५ चेंडूंतल्या ४५ अधूनमधून दिसतात, पण वकार युनूसला असं कुणी धुऊ शकतं यावर त्या दिवसापर्यंत आमच्या चाळीत कुणाचा विश्वास नव्हता. मला सर्वांत भिडतो तो मियांदाद. शारजाचा राक्षस इथे म्हातारा झालाय, ३८ वर धावबाद होतो आणि त्याचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट तिथेच संपतं. दोन्ही मॅचेस पाठोपाठ बघितल्या तर दहा वर्षांची एक अख्खी गोष्ट हाती लागते. तुकड्यांतून ती कधीच लागत नाही.

चेन्नई १९९९ बद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. जानेवारीत दिल्लीच्या कोटलाची खेळपट्टी शिवसैनिकांनी उखडली, म्हणून पाकिस्तानविरुद्धची पहिली कसोटी चेन्नईला नेली. (१९९१ मध्ये हेच वानखेडेवर झालं होतं. तेव्हा दौराच रद्द झाला.) लक्ष्य २७१. आदल्या दिवशी प्रसादने एकही धाव न देता पाच गडी उडवले होते, ३३ धावांत सहा, आणि तरीही हे नाव आज कुणी घेत नाही, कारण चौथ्या दिवशी तेंडुलकर खेळला. ५ बाद ८२ वरून तो आणि नयन मोंगिया डाव सावरतात, तेंडुलकरची पाठ धरलेली, प्रत्येक फटक्यानंतर तो कंबरेवर हात ठेवून उभा. १३६ वर सकलेन मुश्ताकला उंच मारायला गेला आणि अक्रमने कॅच घेतला. १७ धावा हव्या होत्या, तीन गडी शिल्लक होते. पुढच्या चार धावांत तिन्ही गेले. १२ धावांनी हार. आणि मग चेपॉकचं सगळं मैदान उभं राहून पाकिस्तानसाठी टाळ्या वाजवतं, त्यांचा संघ मैदानाला फेरी मारतो. अण्णा त्या वेळी ऑफिसात होते, त्यांनी या टाळ्या प्रथमच बघितल्या. नंतर बराच वेळ ते सुनील जोशी, कुंबळे, श्रीनाथ यांनी काय करायला हवं होतं ते सांगत होते. ते लिहीत नाही.

इथेच बॉक्सची, म्हणजे खरं तर त्यातल्या व्हिडिओ ॲपची, सर्वांत मोठी खोड कळली. चेपॉकच्या टाळ्या संपतात न संपतात तोच ऑटोप्लेने पुढचा व्हिडिओ सुरू केला: लाल बाण, फुगवलेले चेहरे, कुणीतरी कुणाची तरी 'जिरवली' असं ओरडणारा निवेदक. एक मॅच बघितली की हे ॲप तुम्हाला मॅचेस दाखवत नाही, भांडणं दाखवायला लागतं. उपाय आहे: ऑटोप्ले बंद, घरातल्या ज्येष्ठांसाठी वेगळं प्रोफाइल, आणि चांगले व्हिडिओ आधीच प्लेलिस्टमध्ये घालून ठेवणं. आमच्या प्लेलिस्टची नावं अण्णांनी ठरवलीत. 'पाकिस्तान', 'कर्नाटक', 'इतर शत्रू'. शेवटच्यात बोर्ग-मॅकेन्रोची १९८०ची विम्बल्डन फायनल आहे, चौथ्या सेटचा टायब्रेक १८-१६ वाली. १९८२च्या एशियाडची हॉकी फायनल मी घालायला गेले तर त्यांनी रिमोट काढून घेतला. ७-१ म्हणजे त्यांच्या मते मॅच नव्हे.

टेलिफिल्मकडे मी वळले ते अण्णा झोपल्यावर. 'सद्गती' १९८१ची, राय यांनी दूरदर्शनसाठी हिंदीत केलेली, प्रेमचंदांच्या कथेवरची. तासाभराच्या आत संपते. ओम पुरी उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडतोय आणि ओंडका फुटत नाही. एवढ्याच गोष्टीवर राय किती वेळ थांबतात ते बघा. ब्राह्मण झालेत आपले मोहन आगाशे आणि पात्राचं नाव घासीराम. रंगमंचावर ज्यांचा नाना फडणवीस घाशीरामाला नाचवत होता, त्यांनाच इथे हे नाव मिळावं याची मला गंमत वाटली. शेवटचा प्रसंग, प्रेताला हात न लावता दोरीने ओढत नेण्याचा, जेवताना लावू नका.

फाळणीच्या दंगलींवरची 'तमस' मोठी आहे, पाच तासांच्या घरातली, तेव्हा आठवड्याच्या हप्त्यांत दाखवली होती. जानेवारी १९८८ मध्ये ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्वतः बघितली आणि प्रक्षेपण चालू ठेवायला परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. गोविंद निहलानींनी ज्यांच्या कादंबरीवरून ती केली ते भीष्म साहनी स्वतः त्यात म्हाताऱ्या सरदारजींच्या भूमिकेत आहेत, शेजारी दीना पाठक. त्या दोघांचं घर सोडून निघणं मी दोनदा मागे नेऊन बघितलं. बॉक्सबद्दल इथे एक सांगायचं तर अंधारातले प्रसंग टीव्हीच्या 'व्हिव्हिड' मोडमध्ये राखाडी चिखल होतात. 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' मोड लावा. विजया मेहतांची 'स्मृतिचित्रे' शोधताना आवाजी शोधाने मला लग्नाचे अल्बम आणि फोटो फ्रेम दाखवल्या. नाव टाइप करावं लागतं, आणि या रिमोटने मराठी टाइप करणं म्हणजे शिक्षा. मोबाइलवरून शोधून टीव्हीवर कास्ट करा, सुखात राहाल.

राजकीय विनोदात आमचं दोघांचं एकमत कमी. मला नकला आवडायच्या. पुढाऱ्याचा आवाज, त्याची मान, त्याचा खोकला. आता त्यातल्या बऱ्याच बघवत नाहीत. ज्याची नक्कल तो पुढारी बातम्यांतून गेला की नक्कलही गेली, भाचीला तर हसायचं कुठे तेच कळत नाही. टिकलेत ते फाइलीच्या मागे लागलेले. बीबीसीच्या 'येस मिनिस्टर'मध्ये एक इस्पितळ आहे: पाचशे कर्मचारी, पेशंट एकही नाही, आणि कारभार अत्यंत सुरळीत. १९८१चा भाग. अण्णांना इंग्रजी संवाद अर्धेच कळत होते, पण सचिव ते इस्पितळ कसं योग्य आहे हे समजावून सांगायला लागल्यावर ते उठून बसले. "ही फाइल माझ्या टेबलावरून गेलीय," म्हणाले. मग मी त्यांना २००१ची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' लावून दिली. फारूख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. इंग्रजीची धार नाही, संवाद कधीकधी अवघडल्यासारखे होतात, पण फारूख शेख गोंधळलेला माणूस असा करतात की त्याची दयाच येते.

जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' १९८९चा, फक्त दहा भाग, आणि शेवटी जुन्या गाण्यांची विडंबनं. कंत्राटदार, डॉक्टर, पीएचडीचे गाइड, सरकारी कॉलनी. सरकारी वाहिनीवर सरकारी खात्यांची अशी सालं काढलेली बघून आज जास्त नवल वाटतं. 'कक्काजी कहिन'मधला ओम पुरींचा पान चघळणारा नेता मात्र मला लांबण लावल्यासारखा वाटला. अण्णांना तो फार आवडतो, तेव्हा माझ्या मतावर जाऊ नका. 'सिंहासन' हा मराठी राजकीय सिनेमा विनोदी नाही. पण अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री ज्या शांतपणे एकेकाला खेळवतो ते बघताना अण्णा हसत असतात, आणि शेवटी निळू फुलेंचा पत्रकार दिगू जेव्हा वेड्यासारखा हसतो तेव्हा गप्प.

तक्रारी राहिल्या. मे महिन्यात बॉक्स टीव्हीच्या मागे तापून आपोआप बंद पडायचा, आता तो बाजूला, उघड्यावर ठेवलाय. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर संध्याकाळी, शेजारपाजारचे सगळे राउटर जागे झाल्यावर, चित्र गोल गोल फिरतं. ५ गिगाहर्ट्झवर टाका. ॲडॉप्टर चौथ्या महिन्यात मेला, सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत फक्त बॉक्स येतो, ॲडॉप्टर नाही असं सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच व्होल्ट दोन ॲम्पिअरचा आणला, बिनबोभाट चालतोय. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि अख्खी मॅच बऱ्याचदा त्याहून मोठी असते. जाहिराती तर नेमक्या रनअपच्या मध्ये येतात. जाहिराती टाळायला महिन्याचे पैसे भरावेत का, यावर आमच्याकडे अजून वाटाघाटी चालू आहेत.

या किमतीत पुन्हा घेईन का? जुनं, सलग, रात्री निवांत बघणाऱ्या माणसासाठी हो. थेट क्रिकेटसाठी नाही. शेजारच्यांच्या केबलवर आधी आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्याकडे बोलर अजून चेंडू घासत असतो.

बॉक्स जे देऊ शकत नाही ते रणजी. १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा मुंबईने ती जिंकली आणि १९७४ मध्ये बंगळूरला सेमीफायनलमध्ये कर्नाटकने, प्रसन्नाने गावसकरांचा त्रिफळा उडवून आणि वाडेकर धावबाद होऊन, ती रांग मोडली. अण्णांच्या 'कर्नाटक' प्लेलिस्टमध्ये यातलं काहीच नाही. २०१०ची म्हैसूरची फायनल, मुंबई सहा धावांनी जिंकली ती, तेवढी तुकड्यातुकड्यांत आहे. आणि मे १९९१, वानखेडे, हरियाणाविरुद्धची फायनल: लक्ष्य ३५५, तेंडुलकर ९६, वेंगसरकर नाबाद १३९, शेवटचा गडी कुरुविला धावबाद, दोन धावांनी हार, आणि रडणारे वेंगसरकर. त्या शेवटच्या दिवसाचं सलग रेकॉर्डिंग कुणाकडे कॅसेटवर असेल तर कळवा. उतरवून घ्यायचा खर्च आम्ही देऊ.