ऊसतोड की आमचूर?
नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या घरापुढे दिवाळीच्या सुमारास बहुधा दोनच वाटा असतात. एक, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जायचं. रक्कम एकदम हाती पडते, लग्न-आजारपण निभतं. पण ती फिटेपर्यंत नवरा-बायको फडात आणि पोरांची शाळा सुटलेली.

दुसरी, 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेल्या वनजमिनीच्या पट्ट्यावर ज्वारी-मका करायचा, उन्हाळ्यात मोहफुलं नि आमचूर विकायचं. कैरी सोला, चिरा, उन्हात वाळवा. आंबटाने बोटं सोलवटतात. अवकाळीत भिजली की काळी पडते, भाव कोसळतो. तरी मला हीच वाट बरी वाटते. उचलीचा फास नाही, शेळ्या-कोंबड्या दारात राहतात. मात्र पाण्याची सोय नसेल तर रब्बी नाही, आणि मग पुन्हा मुकादमाचीच गाडी गाठावी लागते.