राइस ब्रानच्या नावावर तळणीचं तेल, वर लॅब रिपोर्ट पण!

जे बॉयलरवाले (मांसाच्या कोंबड्या पाळणारे) स्वतःचं फीड, म्हणजे खाद्य, स्वतः बनवतात त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या विट्याकडं एक तेलवाला फिरतोय, राइस ब्रान, म्हणजे भाताच्या कोंड्याचं तेल म्हणून बॅरल देतो, बाजारापेक्षा स्वस्त, आणि सोबत रिपोर्ट. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवट झालंय त्याचा आकडा, दहाच्या आत. कुणाला शंका येणार? सॅम्पलचं तेल पण खरंच चांगलं होतं.

बॅरलमधे आलं ते वेगळंच. हॉटेल-फरसाणवाल्यांचं तळून तळून संपलेलं तेल गाळून, रंग उतरवून विकत होता. 2018 पासून एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नियम आहे की पोलर कंपाउंड, म्हणजे तळून तळून तेलात साठणारी खराब द्रव्यं, 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, ते बायोडिझेलला जावं. हे जात होतं आमच्या पक्ष्यांच्या पोटात.

फिनिशरला, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या फीडला, तेल जास्त पडतं, तिथंच बॅच बसली. वजन थांबलं, लिटर (पक्ष्यांखालचा भुसा) ओलं, तुरे निळसर, पक्षी धापा टाकत उताणे पडून मरायला लागले. डॉक्टरांनी पोस्टमार्टम केलं तर पोटात पिवळं पाणी, हृदयाची उजवी बाजू फुगलेली. ते म्हणले, बॉयलर एवढा झपाट्यानं वाढतो की हृदय-फुफ्फुसाला ऑक्सिजन पुरवणं आधीच जड जातं, त्यात थंडी, शेडचे बंद पडदे, अमोनिया, आणि वर असलं जळकं तेल, म्हणजे फीडमधलं व्हिटॅमिन ई ते तेल निस्तरण्यातच संपतं आणि शरीराला काही उरत नाही. सगळा दोष तेलाचा नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, पडदे वरून उघडायला लावले, त्यानं मर थोडी कमी पण झाली.

आता रिपोर्टची गंमत बघा. रिपोर्ट खोटा नव्हताच! तेल फार तापलं की पेरॉक्साइड फुटून त्याचे अल्डिहाइड होतात, म्हणजे तेल जेवढं वाया गेलेलं तेवढा तो आकडा उलट कमी दिसू शकतो. अल्डिहाइड कळतात अ‍ॅनिसिडिन व्हॅल्यूमधे, आणि तळणीचं तेल पकडायला पोलर कंपाउंड. हे दोन्ही आकडे त्याच्या कागदावर नव्हतेच. न उघडलेल्या बॅरलचं तेल आम्ही स्वतः लॅबला दिलं तर दोन्ही भरमसाठ.

आणि निर्लज्जपणा किती, मर चालू असताना हाच माणूस सेलेनियम-व्हिटॅमिन ईचं टॉनिक घेऊन आला, "पोटातलं पाणी उतरतंय बघा दादा". बाटलीवर बॅच नंबर नाही, कशात किती ते नाही. एकदा पाणी झालेला पक्षी टॉनिकनं बरा होत नाही, आणि सेलेनियम प्रमाणाबाहेर गेलं तर ते स्वतःच विष. परत पाठवला त्याला.

आता पैसे मागितले की म्हणतो तेल तुमच्या शेडवर उन्हानं खराब झालं. सीलबंद बॅरल, गोडाऊनमधे सावलीत ठेवलेलं. एक बॅरल अजून तसंच सीलसकट ठेवलंय, बिलावर राइस ब्रान लिहिलंय, ग्राहक मंचात जायचं का थेट पोलिसात ते वकिलाला विचारतोय. अजून कुणाकडं त्याचं बंद बॅरल असेल तर फेकू नका, मला मेसेज करा.