मिनी घोडीचं चराईचं मुसकं : जून ते जानेवारीचा वापर

लठ्ठ झालेल्या मिनी (बुटक्या जातीच्या) घोडीचं चरणं कमी करायला घेतलेल्या मुसक्याचा रबरी तळ दुसऱ्यांदा झिजून गेला आणि विक्रेत्याने ‘जनावराने चावलेला माल वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. घोडं दिवसभर तळावर दात घासणार, हे ठाऊक असूनच ही वस्तू बनते. तिचा तळ सात आठवड्यांत जाणं हा मालातला दोष आहे, आणि ४,२०० रुपये मोजल्यावर तो दोषच म्हणायला हवा.

बैलाला कोळपताना घालतो ते सुतळीचं मुसकं वेगळं. ते खाणं बंद करतं. हे खाणं मंदावतं: नायलॉन पट्ट्यांची टोपली, खाली रबरी तळ आणि तळाच्या मधोमध एकच भोक. भोकातून जेवढी पाती वर येतील तेवढीच तोंडात जातात. मोकळं सोडलेलं तट्टू हिरव्या कुरणात तीन तासांत स्वतःच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के सुका चारा (गवतातलं पाणी वगळून मोजलेला) ओढू शकतं. ब्रिटनमधल्या तट्टूंवरच्या चाचणीत मुसक्यामुळे हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घटलं. हा आकडा अर्थातच भोक शाबूत असतानाचा.

आणि खरी गोम भोकातच आहे. नवं असताना व्यास २५ मिलिमीटर होता, ऑगस्टच्या सुरुवातीला ३८. दीडपट वाढलं असं वाटतं, पण क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून जास्त झालं. जूनमध्ये ११२ किलोची घोडी जुलैअखेर १०८ वर आली होती, ती पंधरवड्यात पुन्हा ११० झाली. मुसकं तोंडावर दिसतं म्हणून कुणाला शंका येत नाही. दर रविवारी भोकाला पट्टी लावा. ३० मिलिमीटरच्या पुढे गेलं की तळ बदला.

बदली तळ स्थानिक पातळीवर होतो, आणि मूळच्यापेक्षा टिकतो. भंगाराच्या दुकानात कन्व्हेयर बेल्टचे तुकडे मिळतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात त्यांना तोटा नाही. आत कापडी थर असलेला, ८ मिलिमीटर जाडीचा घ्या, पोलादी तारांचा नको. ११ सेंटिमीटरची चकती कापायची, होल-सॉने (गोल भोक कापणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) २५ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि कड आतून-बाहेरून पॉलिश पेपरने गोल करायची. चपला शिवणाऱ्या कारागिराने ती मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्याने १८० रुपयांत बसवून दिली. वजन ९० ग्रॅमने वाढतं. कडेने १० मिलिमीटरची चार बारीक भोकं हवीतच. पहिल्या चकतीला ती नव्हती. पाणी पिऊन डोकं वर केलं की तळात पाणी साचून नाकपुडीपर्यंत यायचं. ही चूक जिवावर बेतू शकते. रबर कडक असल्याने महिन्यातून एकदा ओठ उचलून पुढचे दात बघा. झीज दिसली तर वापर थांबवून पशुवैद्यकाला दाखवा. आमच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

जुलैत माझं मत होतं की २५ मिलिमीटर फारच लहान आहे. घोडी तळ जमिनीवर आपटायची, पायाने ओरबाडायची. ते मत आता बदललं आहे. चूक गवताच्या उंचीची होती. परळी खोऱ्याकडच्या पावसात गवत गुडघ्याला लागतं. एवढी लांब पाती तळाखाली आडवी होतात, भोकात शिरतच नाहीत. उलट चरून चरून जमिनीला चिकटलेली हरळीही वर येत नाही. ताठ उभं ८ ते १२ सेंटिमीटरचं गवत लागतं. ग्रासकटरने पट्टे मारून घेतल्यावर आपटणं दोन दिवसांत थांबलं. जत-आटपाडीसारख्या कोरड्या भागात हिरवळ थोडेच दिवस टिकते, तिथे या खर्चाआधी दोनदा विचार करा.

पावसाळा संपता संपता कुसळी गवत पिकतं. त्याची काळी, पीळ पडलेली कुसळं भोकातून आत येतात, जाळीत अडकतात आणि टोक ओठाकडे करून बसतात. दिवसातून दोन वेळा मुसकं उलटं करून चिमट्याने काढावी लागतात. त्यापेक्षा ते रान फुलोऱ्याआधीच कापून घ्या.

मापाचं थोडक्यात: ओठ आणि तळ यांत दोन बोटं, बाजूला एक बोट, नाकपुडीला काहीही टेकता कामा नये. डोक्यावरच्या पट्ट्यात १२ मिलिमीटरची कातडी पट्टी जोडा. म्होरकी कुंपणात अडकली तर ही कातडी पट्टी तुटली पाहिजे. अखंड नायलॉन तुटत नाही, मान अडकते. पावसात पट्ट्या रोज धुऊन सुकवा, नाहीतर गालावरचे केस जातात. पहिले तीन-चार दिवस भोकातून हाताने गवत भरवून दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पाण्याचं घमेलं रुंद आणि काठोकाठ भरलेलं हवं.

मुसकं दिवसाला १० तासांच्या वर नको. सकाळी सातला घाला, चारला काढा. काढल्यावर कुरणात ठेवलं तर दिवसभराची कसर रात्रीत भरून निघते आणि वजन जागचं हलत नाही. गवत नसलेल्या आवारात बांधून सुकं गवत काट्यावर मोजून द्या. एकूण सुका चारा वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली नेऊ नका. उपाशी ठेवलेल्या लठ्ठ मिनीच्या रक्तात चरबी उतरते आणि जनावर हाताचं जातं. उसाचं वाढं, गूळ, हरभऱ्याची चंदी पूर्ण बंद. एकट्या हत्ती गवतावरही ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हाडं कमजोर होतात.

वजनासाठी भुसार दुकानातला प्लॅटफॉर्म काटा पुरतो, वर प्लायवूड टाकून. दर आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरणं ठीक. काट्याबरोबर मानेवरही हात फिरवा: आयाळीखालचा मेदाचा पट्टा जूनमध्ये बोटांनी हलत नव्हता, आता डावी-उजवीकडे वाकतो. खुराला ऊब लागली किंवा पुढचे पाय पुढे टाकून उभी राहिली (लठ्ठ घोड्यांना होणाऱ्या खुराच्या दाहाची ही लक्षणं) तर मुसक्याच्या भरवशावर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

जानेवारीत ९९ किलो. रान आता पिवळं पडलंय, त्यामुळे मुसकं खुंटीवर आहे. तिसरी चकती कापून ठेवली आहे. पहिल्या पावसानंतर गवत बोटभर वर आलं की बसवायची.