मुलांना प्रवाळ दाखवायचेत: नरारा, मालवण की अंदमान?

मूल सात-आठ वर्षांचं असेल तर माझं मत नराराला. जामनगरहून गाडीने दीड-एक तास, कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा (स्थापना १९८२) हा भाग. इथे पोहायचं नसतं. ओहोटीला पाणी लांबवर हटतं आणि खडकावरून चालत जायचं. मूल उकिडवं बसून एकाच डबक्यात हवं तितका वेळ रमतं. समुद्रफुलाचे हलणारे तंतू, दगडाच्या रंगाचा होऊन बसलेला ऑक्टोपस, मेंदूसारख्या वळ्यांचा प्रवाळ. हा दगड नाही, चिमुकल्या प्राण्यांची वसाहत आहे, हे इथे समोर दाखवून सांगता येतं. गाइडने केंड मासा उचलून फुगवून दाखवायची तयारी केली तर नको म्हणा. तो घाबरला की फुगतो.

वनखात्याची परवानगी आणि जाड तळाचे जुने बूट हवेतच. तारीख मात्र पंचांग बघून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल जाते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, गेलात तर बराचसा खडक पाण्याखालीच राहील.

मालवण आपल्याला जवळचं आणि खिशाला परवडणारं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग होतं, पावसाळ्यात बंद. पण नाक बंद ठेवून नळीतून तोंडाने श्वास घेणं लहान मुलाला पटकन जमत नाही, आणि पाणी गढूळ असलं की सगळंच मुसळ केरात. शिवाय मासे जमावेत म्हणून पाव टाकतात. मग पोराला पावावर तुटून पडलेले मासे दिसतात, प्रवाळ राहून जातो. दहा-बारा वर्षांचं, पाण्याला सरावलेलं मूल असेल तर जरूर न्या. मास्कची सवय आधी तरणतलावात करून घ्या.

अंदमानातले प्रवाळ या दोन्हींपेक्षा देखणे. तिथल्या जॉली बॉय बेटावर काचेच्या तळाच्या बोटीतून आजी-आजोबांनाही बघता येतात. विमानाचं भाडं धरून बजेट बसत असेल आणि सगळं घर निघणार असेल तर प्रश्नच नाही. केवळ प्रवाळासाठी मी एवढा खर्च करणार नाही.

मुंबईकरांनी या तिन्हींच्या आधी हाजी अलीच्या खडकांवर मोठ्या ओहोटीला एक चक्कर मारावी, फुकटात. मूल तिथे अर्ध्या तासात कंटाळलं तर जामनगरचं तिकीट काढू नका. आणि कुठेही गेलात तरी प्रवाळाचा तुकडा खिशात घालू देऊ नका, मेलेलासुद्धा; वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या पंगतीला आहे.