तासांचा तक्ता भरूनच आला : ऑनलाइन नर्सिंग डॉक्टरेटच्या नावाखाली झालेली फसवणूक

मी एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. एम.एस्सी. नर्सिंगनंतर पीएच.डी. करण्याची मनापासून इच्छा होती, पण नोकरी आणि सासूबाईंचे आजारपण यांत प्रवेश परीक्षा दरवर्षी राहून जाई. अशातच एका सल्लागाराचा फोन आला. अमेरिकेतील विद्यापीठाची ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ ही पदवी, संपूर्ण ऑनलाइन, अठरा महिन्यांत, शुल्क दोन लाख चाळीस हजार रुपये, तेही तीन हप्त्यांत.

ही पदवी अमेरिकेत खरोखरच दिली जाते आणि तिचे वर्ग कित्येक विद्यापीठे ऑनलाइन घेतात, म्हणूनच माझा विश्वास बसला. मात्र वर्ग ऑनलाइन असले तरी रुग्णाजवळचे काम ऑनलाइन होत नाही. तेथील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००६ साली आखलेल्या निकषांत बी.एस्सी. नर्सिंगनंतरच्या किमान १००० तासांच्या प्रत्यक्ष सरावाची अट होती. मला हे ठाऊक होते, मी विचारलेही. “मॅडम, तुमचा वॉर्डातला अनुभव आम्ही धरून घेऊ,” असे उत्तर मिळाले आणि दुसऱ्या हप्त्यानंतर तासांचा तक्ता आला तो भरूनच. मी कधीही न भेटलेल्या मार्गदर्शकाची प्रत्येक ओळीपुढे सही होती. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी मी रजेवर होते, त्या आठवड्यातही रोज आठ तास मांडलेले होते. न दिलेले औषध चार्टवर चढवायचे नसते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. तरीही मी त्या तक्त्याखाली सही केली, याची खंत मला गेलेल्या पैशांहून अधिक आहे.

पदवी कुरिअरने आली, तेव्हा महाविद्यालयाने समकक्षतेचा दाखला मागितला आणि सारे उघडे पडले. प्रमाणपत्रावरील मान्यता देणारी संस्था अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या यादीत नव्हतीच. तेथे या पदवीला सीसीएनई, एसीईएन अशा मोजक्याच संस्था मान्यता देतात आणि त्यांच्या याद्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ते काम दहा मिनिटांचे होते. आपल्याकडे तर विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्येच, परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून खासगी कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असे जाहीर केले होते.

सल्लागाराचा फोन आता बंद आहे. पावत्या आणि बँकेच्या नोंदी घेऊन मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली असून, तो तक्ताही माझ्या सहीसकट तिला जोडला आहे.