जपानच्या धाकट्या पातींची वंशावळ आणि गोखले रोडजवळचं छपाईचं दुकान

ठाण्यात गोखले रोडवरून आत वळलं की लागणारं हे छपाईचं दुकान. झेरॉक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळंच करतात. मी इथून सहा फूट बाय तीन फुटांची वंशावळ छापून घेतली, जपानच्या राजघराण्याच्या शाखांची. काम फार मनापासून केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पाचपाखाडीत घरी जपानीचे वर्ग घेते. त्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं तोक्योत होतो. घराजवळच्या बागेचं नाव आरिसुगावा-नो-मिया स्मृती उद्यान. तळं, झाडीतला चढ, वर ग्रंथालय आणि घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा ब्राँझचा पुतळा. मुलीला रोज तिथे न्यायचे. हे आरिसुगावा कोण, असं एकदा शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "ते घराणं संपलं." संपलेल्या घराण्याच्या नावाची एवढी मोठी बाग! तेव्हापासून मी या शाखांच्या मागे लागले, ती अजून आहेच.

जपानीत या शाखांना मियाके म्हणतात. वर्गात सांगायला मला आपलाच शब्द सापडला, धाकटी पाती. देवासच्या पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं समजावायला वेळ लागत नाही. थोरल्या पातीत मुलगा नसेल तर गादी रिकामी राहू नये, हा या घराण्यांचा मूळ हेतू. जुनी चार होती: फुशिमी, कात्सुरा, आरिसुगावा आणि कानिन. माझ्या तक्त्यात चौघांना चार रंग आहेत. रक्ताचं नातं सलग रेषेनं आणि दत्तक नातं तुटक रेषेनं दाखवलंय.

आधी मी हे काम दुसऱ्या एका दुकानात दिलं होतं. तिथे निम्मी कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, चौकोन होऊन आली आणि तुटक रेषा सगळ्या सलग छापल्या गेल्या. "मॅडम, तुटक रेषेला उठाव येत नाही," हे कारण. पैसे गेले ते गेलेच, पण त्या तक्त्यात कोतोहितो हा राजपुत्र कानिन घराण्यात जन्मल्यासारखा दिसत होता, याचं मला जास्त वाईट वाटलं. कानिनचा वंश १८४२ मध्ये खुंटला होता. कोतोहितो फुशिमींचा मुलगा. १८७२ मध्ये त्याला आणून ते घराणं पुन्हा उभं केलं. एक रेषा सलग झाली की हा सगळा इतिहास पुसला जातो.

या दुकानात संगणकावर बसणाऱ्या मुलानं आधी फाइल पूर्ण मोठी करून कोपऱ्याकोपऱ्यातून पाहिली. मग म्हणाला, "मॅडम, अक्षरांची आउटलाइन करून पीडीएफ आणा, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच येणार नाही." ते कसं करायचं हेही दाखवलं. मग त्यानं असा प्रश्न विचारला की मी तिथेच स्टूल ओढून बसले. "सगळ्या रेषा वरून खाली येतात, ही एकच खालून वर का जाते?"

ती रेषा म्हणजे या तक्त्याचा प्राण आहे. कानिन घराणं १७१० मध्ये स्थापन झालं. शाखा कमी आहेत, धाकटे राजपुत्र भिक्षू होऊन मठात जातात, उद्या गादीला वारस उरणार नाही, असं आराइ हाकुसेकी या शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, विद्वान सल्लागाराचं म्हणणं होतं. सत्तर वर्षांच्या आत त्याचं म्हणणं खरं ठरलं. १७७९ मध्ये गो-मोमोझोनो सम्राट वारले. मागे फक्त तान्ही मुलगी. तेव्हा कानिन घराण्यातला आठ वर्षांचा मुलगा गादीवर बसवला, तोच कोकाकु सम्राट. पुढे त्याचं लग्नही त्याच मुलीशी झालं. आजचे सम्राट नारुहितो कोकाकुचे थेट वंशज आहेत. म्हणजे आजची थोरली पाती मुळात धाकटीच.

हे ऐकून दुकानाचे मालक काका आतून बाहेर आले. त्यांचं गाव साताऱ्याजवळ. "आमच्याकडचं दत्तक इंग्रजांनी मानलं नाही, राज्य खालसा केलं," म्हणाले. १८४८ ची गोष्ट, पण बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. मग त्यांनी स्वतः सांगितलं की तुटक रेषेची जाडी वाढवू, म्हणजे लांबून बघितलं तरी तुटकच दिसेल. एवढ्या एका सूचनेसाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देईन.

छपाईआधी ए-थ्री कागदावर नमुना काढून देतात, त्याचे तीस रुपये वेगळे. ते जरूर द्या. माझ्या नमुन्यात कात्सुरा घराण्याच्या पहिल्या पुरुषाचं नाव घडीत गेलं होतं. तोशिहितो. त्याला हिदेयोशीनं, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या सर्वांत बलाढ्य सरदारानं, दत्तक घेतलं होतं. मग हिदेयोशीला स्वतःचा मुलगा झाला, दत्तक मोडलं आणि तोशिहितोसाठी हे नवं घराणं निर्माण झालं. क्योतोतला कात्सुराचा प्रासाद आणि बाग त्यानं सुरू केली, मुलानं पूर्ण केली. याच घराण्याची शेवटची प्रमुख बाई होती, सुमिको. १८८१ मध्ये ती गेली आणि तो रंग तिथे थांबला. वर्गातल्या मुली तक्त्यापाशी आल्या की तिच्या नावावर बोट ठेवतात.

तळाला एक फोटो हवा होता. व्हॉट्सॲपवरचा फोटो या मुलानं घेतलाच नाही. मूळ फाइल आणा म्हणाला. मी थोडी नाराज झाले होते, पण जुन्या हार्ड डिस्कमधून मूळ फाइल आणल्यावर फरक कळला. फोटो आसाका या फुशिमींच्याच एका उपशाखेच्या राजपुत्राच्या घराचा आहे. १९३३ चं आर्ट डेको शैलीतलं घर, दारात लालिक या फ्रेंच काचकलावंतानं केलेल्या काचेतल्या पंखवाल्या स्त्रिया. आता तिथे कलासंग्रहालय आहे. छापील फोटोत त्या स्त्रियांची बोटंसुद्धा मोजता येतात.

उणिवाही सांगते. मंगळवारी देतो म्हणाले, गुरुवारी दिलं. आरिसुगावासाठी निवडलेला लाल विटकरीकडे झुकलाय. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, रिक्षानंच जा. कागद, छपाई आणि पुठ्ठ्याची नळी धरून मला १,१८० रुपये पडले.

लॅमिनेशनचं मात्र काकांचं ऐकलं ते बरं झालं. मला ते हवंच होतं. पण तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात मी जागा मोकळी सोडली होती, ती कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ही वंशावळ पुढे कशी जाईल ते अजून ठरलेलं नाही, म्हणून. १४ ऑक्टोबर १९४७ ला अकरा घराण्यांतल्या एक्कावन्न जणांनी राजघराण्यातलं स्थान सोडलं. अमेरिकी अंमल होता, तनखे बंद झाले होते, कर जबर होता. त्या दिवशी ही सगळी माणसं सामान्य नागरिक झाली. ही अकराही घराणी पुरुषवंशानं फुशिमींची. आजच्या सम्राटांचा आणि त्यांचा त्या बाजूनं समान पूर्वज शोधायला सहाशे वर्षं मागे जावं लागतं. आता राजघराण्याच्या नव्या पिढीत हिसाहितो हा एकच मुलगा आहे, २००६ चा. सम्राटांची मुलगी आइको कायद्यानं गादीवर बसू शकत नाही, आणि तोच १९४७ चा कायदा राजघराण्याला दत्तकही घेऊ देत नाही. त्या अकरा घराण्यांतले पुरुष दत्तक घेता यावेत, असं २०२१ मध्ये सरकारी समितीनं सुचवलं. माझं मत आइकोच्या बाजूनं आहे, वर्गात मी ते लपवत नाही.

काका म्हणाले, "मग ताई, लॅमिनेशन नको. मॅट कागद घ्या, त्यावर पेनानं लिहिता येईल." तसंच केलं. तक्ता आता वर्गाच्या भिंतीवर आहे. कोपऱ्याजवळ दोऱ्यानं दोन पेनं बांधून ठेवलीत, एक सलग रेषेसाठी जाड आणि एक तुटक रेषेसाठी बारीक.