टोनिंग शूज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

टोनिंग शूज म्हणजे चालता चालता पायांचे स्नायू घट्ट होतील असं सांगून विकले जाणारे बूट. ते घातले त्या पहिल्या दिवशी शिवणाची टेप लावून मांडीचा घेर मोजून ठेवला होता, २२ इंच. आठ महिने रंकाळ्यावर चालून परवा पुन्हा मोजला. २२ इंचच. ‘नुसतं चाला, स्नायू घट्ट होतील’ असं खोक्यावर छापलंय, त्यावर विश्वास ठेवू नका. असल्याच दाव्यांपायी अमेरिकेत रीबॉकला २०११ मध्ये अडीच कोटी आणि स्केचर्सला २०१२ मध्ये चार कोटी डॉलर मोजावे लागले. माझा बूट या दोन्ही कंपन्यांचा नाही, पण दावा तोच.

तरी मी तो टाकलेला नाही. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजून ताठ झालाय. टाच उचलली की अंगठा वाकायचा आणि तिथंच कळ यायची. या बुटाचा जाड तळ होडीसारखा, पुढून-मागून वर गेलेला. पाऊल टाचेवरून चवड्यावर आपोआप कलंडतं, अंगठ्याला फारसं वाकावंच लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात कुठंही न बसता फेरी पुरी झाली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

त्रासही याच तळाचा. टाचेखालचा फोम मऊ असल्यानं टाच खाली रुतते. सुरुवातीला पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, टाचेमागची शीर ओढायची. दहा मिनिटांपासून सुरुवात करायला हवी होती, मी पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं चालले. आणि जुलैत भाजी घेऊन येताना रस्त्याकडेच्या खडीवर पाऊल पडलं. तळाचा जेमतेम मधला भाग टेकलेला, त्यामुळे सावरताच आलं नाही. घोटा मुरगळला, तीन आठवडे क्रेप बँडेज. आता हा बूट फक्त सपाट रस्त्यावर. जोतिबाच्या पायऱ्यांना, पंचगंगेच्या ओल्या घाटावर नाही म्हणजे नाही.

सासूबाई म्हणाल्या, “मलाबी आण की गं तसला.” त्यांना वीस वर्षं साखर आहे, तळव्यांना बधिरपणा. चवड्यावरचा भार कमी करायला गोल तळाचे बूट मधुमेहींनाही देतात, पण ते डॉक्टरांनी पाय तपासून, मापानं. पाय कुठं टेकलाय हेच ज्याला कळत नाही, त्याला दुकानातला डुलणारा बूट घालायला देणं म्हणजे पडायला लावणं. त्यांना रुंद, सपाट तळाचा, मागून बंद बूट घेतला. रोज रात्री त्यांचे तळवे मी उजेडात धरून बघते, कुठं फोड आलाय का ते.